कुणाला विचारून?

परवा इथं सिंगापुरात एका कॉन्डोत, म्हणजे पैसेवाल्यांच्या खाजगी सोसायटीत, गणपतीच्या आरतीला गेले होते. आरती झाली, मोदक वाटून झाले आणि बायका सोफ्यावर बसून इथून गेलेल्या लोकांच्या गोष्टी काढायला लागल्या. त्यात प्रमिलाताईंचं नाव निघालं. एक बाई म्हणाली, "नशीब काढलं हो त्यांनी. ऑस्ट्रेलियात केवढं मोठं घर! चार बेडरूम, मागं अंगण, मुलगा-सून हाताशी. नाहीतर इथं क्लेमेंटीच्या त्या जुन्या फ्लॅटमध्ये एकट्या कुजत पडल्या असत्या."

सगळ्यांनी माना डोलावल्या. माझ्या हातात मोदक होता, तो मी तसाच बशीत ठेवला. चारचौघींत माझ्या तोंडून शब्द फुटत नाही, हे माझं लहानपणापासूनचं आहे. पण परत येताना बसमध्ये माझे कान इतके तापले की मी खिडकीच्या गार काचेला डोकं टेकवून बसले. कुजत म्हणे! प्रमिलाताई! त्या बाईनं ते घर फोटोत पाहिलंय. मी त्या घरात राहून आलेय. म्हणून हे लिहिते आहे. कुणी वाचावं म्हणून नाही, पोटात ठेवलं तर अन्न गोड लागत नाही म्हणून.

मी सिंगापूरला आले ती नातीला सांभाळायला. माझा मुलगा नितीन चांगी बिझनेस पार्कमध्ये कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे. सून ऋजुता क्लेमेंटीजवळच्या युनिव्हर्सिटीत संशोधन करते, म्हणून घर क्लेमेंटीत भाड्यानं घेतलेलं. वरच्या मजल्यावर लांबलचक कॉरिडॉर आणि एका ओळीत घरं. प्रत्येक घराला दोन दारं. बाहेर लोखंडी जाळीचं, आत लाकडी. ऋजुता कामाला जाताना सांगायची, "आई, दोन्ही दारं लावून घ्या हं." मी लावून घ्यायची. मग दिवसभर आत मी, तान्ही ईरा आणि टीव्ही.

पहिल्याच आठवड्यात कुणीतरी आमची जाळी खडाखडा हलवली. बाहेरून मराठीत आवाज आला, "आत माणसं आहेत का नुसती कपाटं?"

मी लाकडी दार किलकिलं केलं. बाहेर एक बारकीशी बाई. अंगात फुलाफुलांचा ढगळ गाऊन, कपाळाला रुपयाएवढं कुंकू, केसांचा घट्ट अंबाडा, आणि उन्हापावसाचा पत्ता नसताना हातात मिटलेली छत्री. त्या छत्रीची दांडी जाळीतून आत घालून त्यांनी माझं दार मागं ढकललं.

"हे दार बंद ठेवलंस, ते कुणाला विचारून?"

"सून म्हणाली..."

"सून दिवसभर घरात असते का? नसते ना? मग दाराचं कोण बघणार? तू. जाळीला कुलूप लाव आणि हे लाकडी सताड उघडं टाक. इथं सगळे तसंच करतात. वारा येतो, माणूस येतो. आत कोण जिवंत आहे, कोण आजारी आहे, जाता-येता कळतं. दार बंद म्हणजे घराचं तोंड बंद. नाव काय तुझं?"

"सुभद्रा."

"मी प्रमिला. तिसरं दार. चहा टाक, मी आलेच."

कॉरिडॉर ओलांडून चहाला येणारी बाई मला परदेशात भेटेल असं वाटलं नव्हतं. त्या गिरगावातून लग्न होऊन इथं आल्या, नवरा जहाजांच्या दुरुस्तीच्या कंपनीत हिशेबनीस होता, तो जाऊन बरीच वर्षं झाली तरी कुंकू त्यांनी पुसलं नाही, मुलगा समीर आधी रॅफल्स प्लेसला बँकेत होता आणि आता ऑस्ट्रेलियात आहे, हे सगळं पहिल्याच चहात सांगून झालं. मी फक्त 'हो' आणि 'नाही' म्हणाले असेन. जाताना म्हणाल्या, "तू बोलत नाहीस. काही बिघडत नाही, माझं दोघींना पुरतं."

'कुणाला विचारून' हे त्यांचं पालुपद होतं. पापलेट महागलं की मासेवाल्याला, लिफ्ट बंद पडली की लिफ्टच्या बटणाला, पाऊस तिरपा आला की पावसाला, सगळ्यांना तोच सवाल. मी बसनं एकटी जायला घाबरायची. चौथीनंतर शाळा सुटलेली, इंग्रजी पाट्या वाचता यायच्या नाहीत. ते ऐकून त्या भडकल्या. "घाबरतेस ती कुणाला विचारून? चौथीपर्यंत आकडे शिकलीस ना? बसवर आकडाच लिहिलेला असतो, निबंध नसतो!" आणि मला बसमध्ये बसवून दिलं, स्वतः मागच्या बसनं आल्या. मी उतरून थांब्याचा खांब धरून उभी राहिले. मागून त्या छत्री टेकत आल्या आणि जणू काही घडलंच नाही अशा थाटात कोथिंबिरीचा भाव विचारायला लागल्या.

भांडण हा त्यांचा ओळख करून घ्यायचा रिवाज होता, हे मला हळूहळू कळलं. ज्याच्याशी भांडल्या, त्याच्याकडे दुसऱ्या दिवशी त्यांचा डबा जायचाच. कधी चकली, कधी नारळाच्या वड्या. डबा रिकामा परत यायचा नाही. असं करत करत सगळा मजला त्यांनी भांडून जोडला होता.

त्यांच्या शेजारी एक चिनी म्हातारी राहायची. सगळे तिला आमा म्हणायचे, म्हणजे आजी. प्रमिलाताई आणि ती मोडक्यातोडक्या मलायमध्ये बोलायच्या आणि रोज कशावरून तरी भांडायच्या. आमाची कुंडी प्रमिलाताईंच्या उंबऱ्याकडे सरकली, प्रमिलाताईंची रांगोळी आमाच्या चपलेला लागली. एकदा टाउन कौन्सिलचा, म्हणजे इमारतींची देखभाल बघणाऱ्या ऑफिसचा, तरुण माणूस आला. कॉरिडॉरमधून सामान हलवा, आग लागली तर लोकांना पळायला जागा हवी, असं सांगायला लागला. त्याचं काही चुकत नव्हतं. त्यानं आमाच्या कुंडीकडे बोट दाखवलं आणि मग प्रमिलाताईंच्या तुळशीकडे.

"आंटी, धिस वन कॅनॉट ला." इथले लोक बोलताना शेवटी हे 'ला' लावतातच.

"व्हाय कॅनॉट? हू यू आस्क?" प्रमिलाताईंची छत्री वर झाली.

तेवढ्यात आमा बाहेर आली आणि चिनीत असा काही पट्टा सुरू केला की तो बिचारा भिंतीला टेकला. सकाळीच एकमेकींशी भांडलेल्या त्या दोघी आता त्याच्यापुढे खांद्याला खांदा लावून उभ्या. तो माप घेत बसला, या दोघी त्याच्या मापाच्या फितीची दोन टोकं धरून "हिअर! हिअर!" करत बसल्या. शेवटी कुंड्या भिंतीला चिकटवून ठेवायच्या आणि चपलांचं स्टँड आत घ्यायचं, असं ठरलं. प्रमिलाताईंनी स्टँड लगेच आत घेतलं. "त्याचं म्हणणं खरं होतं गं," मला म्हणाल्या, "पण खरं असलं म्हणून काय झालं, आधी विचारावं माणसानं." जाताना त्याच्या हातात चकलीची पिशवी होती.

आता दुसरी गोष्ट. एका मराठी घरी हळदीकुंकू होतं. प्रमिलाताई मला ओढून घेऊन गेल्या. मी आपली भिंतीशी उभी होते. साधी सुती साडी, अंगावर दागिना नाही. एका बाईनं माझ्याकडे वळूनही न बघता तिची आणि मैत्रिणींची उष्टी ताटं माझ्या हातात दिली. "हे आत ठेव गं. आणि चहा बघ." मी ताटं घेतली. मी घेतली आणि निघालेसुद्धा.

"थांब." प्रमिलाताईंचा आवाज. मग त्या बाईला, "ताटं हिच्या हातात दिलीस, ती कुणाला विचारून?"

"अय्या, सॉरी! मला वाटलं या हेल्पर आहेत."

"आणि असती हेल्पर तर? हेल्परला नाव नसतं? तिला 'गं' म्हणायला ती काय तुझी धाकटी बहीण आहे?"

मला वाटलं जमीन दुभंगावी. प्रमिलाताईंनी माझ्या हातातली ताटं काढून त्या बाईच्या हातात ठेवली, तिच्या कोपराला धरलं आणि अगदी गोड आवाजात म्हणाल्या, "चल, बेसिन दाखवते." त्या बाईनं भरजरी साडीत ती ताटं धुतली. त्या घरची खरी हेल्पर, फिलिपिनो बाई, फ्रिजकडे तोंड करून उभी होती आणि तिचे खांदे हलत होते. दुसऱ्या दिवशी त्या ताटवाल्या बाईकडे नारळाच्या वड्यांचा डबा गेला. तो डबा मात्र रिकामा परत आला.

परवा 'कुजत' म्हणाली ती हीच बाई.

अशा प्रमिलाताई. पण एका माणसापुढे त्यांचा आवाज खाली यायचा. समीरचा फोन आला की त्या गाऊन सारखा करून खुर्चीच्या कडेवर बसायच्या, आणि "हो रे", "बरं रे", "तू म्हणशील तसं" एवढंच बोलायच्या. मला नवल वाटायचं. एकदा विचारलंच. म्हणाल्या, "भांडायला समोरचा आपल्याकडे बघणारा लागतो, सुभद्रा. हा फोनवर बोलताना कॉम्प्युटरकडे बघतो."

त्यानं मेलबर्नच्या बाहेर नवं घर घेतलं तेव्हा त्याचे फोटो आम्ही आमच्या टीव्हीवर मोठे करून बघितले. चार बेडरूम, दोन गाड्यांचं गॅरेज, सिनेमा बघायची वेगळी खोली. एव्हाना शाळेत जायला लागलेली ईरा म्हणाली, "वा, सो बिग ला!" नितीन तर उठून टीव्हीजवळच गेला. प्रमिलाताई म्हणाल्या, "सगळं छान आहे. पण एकाही फोटोत माणूस कसा नाही?"

समीरनं त्यांना बोलावलं. तीन महिने राहून बघ, नाही आवडलं तर परत ये. फ्लॅट समीरच्या नावावर होता. नवरा आजारी असताना, पुढं मुलाला त्रास नको म्हणून दोघांनी मिळून तो त्याच्या नावावर केला होता. प्रमिलाताईंनी जाताना तुळस माझ्याकडे दिली, जाळीची किल्ली आमाकडे. आमाला दहा वेळा बजावलं, की आठवड्यातून एकदा दार उघडून वारा घालायचा. आमा म्हणाली, तू नसलीस की मला झोप लागेल. आणि मग दोघी एकमेकींचे हात धरून लिफ्टपाशी उभ्या राहिल्या. लिफ्ट आली आणि गेली, दोघी तिथंच.

तीन महिने व्हायच्या आत त्यांचा फ्लॅट बघायला माणसं यायला लागली. एजंट पुढं, त्याच्यामागं नवरा-बायको. मला वाटलं, भाड्यानं देत असतील. ताईंचा तिकडचा मुक्काम लांबत गेला, आणि एके दिवशी कामगार आले, आतली जमीन फोडायला लागले, जाळीचं दार काढून नवीन बसवलं. आमा हातात किल्ली घेऊन माझ्या दारात आली. किल्ली माझ्यापुढं धरून नुसती उभी राहिली. मी काय सांगणार? प्रमिलाताईंनी विकायचं ठरवलं असेल, तिथंच राहायचं ठरवलं असेल, मला सांगायला लाजत असतील, असं मी मनाशी धरून चालले. मुलगा आईचं घर विकेल तर आईला सांगूनच विकेल ना?

त्या रविवारी व्हिडिओवर त्यांना तुळस दाखवत होते. मी म्हणाले, "नवीन लोक बरे वाटतात हो ताई. तरुण जोडपं आहे."

"कुठले नवीन लोक?"

मी फोन पुन्हा तुळशीकडे वळवला.

"सुभद्रा, कुठले नवीन लोक?"

मी सांगितलं. जमीन फोडली ते सांगितलं, जाळी बदलली ते सांगितलं. थांबावं हे मला कळत नव्हतं. त्या ऐकत राहिल्या. मग हळूच, मी त्यांचा इतका बारीक आवाज कधी ऐकला नव्हता, म्हणाल्या, "कुणाला विचारून?" आणि फोनवरचं चित्र छताकडे गेलं. पांढरं छत, त्यात बसवलेले गोल दिवे. बराच वेळ तेच दिसत होतं.

नंतर समीरनं नितीनला समजावून सांगितलं की भाव चांगला आला होता, आई उगाच भावनिक झाली असती, तिकडं ती एकटी पडली असती तर कोण धावणार होतं. नितीन म्हणाला, "प्रॅक्टिकली बघितलं तर बरोबर आहे, आई." कोण धावणार? मी तिसऱ्या दारात. आमा एक भिंत सोडून. आम्ही माणसांत मोजण्यासारख्या नाही, एवढाच त्याचा अर्थ.

मागच्या सप्टेंबरच्या सुट्टीत नितीननं मेलबर्नची सहल काढली. समीरनं आग्रह केला, दोन दिवस आमच्याकडे राहा. विमानतळावरून तो गाडीनं घेऊन निघाला. शहर मागं पडलं, मग शेतं लागली, मेंढ्या लागल्या. मला वाटलं रस्ता चुकला. मग एकदम माळावर घरांची रांग. सगळी करड्या छपरांची, एकाचं छप्पर दुसऱ्याच्या छपराला टेकेल इतकी जवळ, आणि मध्ये पत्र्याचं उंच कुंपण. झाडं म्हणजे काठीला बांधलेली रोपटी. जिथं दुकानं होणार तिथं फळीवर दुकानांचं चित्र. फुटपाथ काही घरांपर्यंत यायचा आणि मध्येच संपायचा. रस्त्यावर माणूस नाही. एक गाडी आली, एका घराचं गॅरेजचं दार आपोआप वर गेलं, गाडी आत शिरली, दार खाली आलं. आत कोण होतं ते देव जाणे.

आम्हीही तसेच शिरलो. गॅरेजमधून, बुटांच्या ढिगाजवळून, थेट स्वयंपाकघरात.

प्रमिलाताई ओट्याशी उभ्या होत्या. अंगात स्वेटर, आणि अंबाडा सैल. माझ्याकडे बघून हसल्या, पण पहिलं वाक्य बोलल्या ते असं, "तूही गॅरेजमधूनच आलीस?"

दुसऱ्या दिवशी सगळे कांगारू बघायला गेले. माझे गुडघे दुखतात म्हणून मी मागं राहिले. खरं म्हणजे दुखत नव्हते. मग त्यांनी मला त्यांची खोली दाखवली. घराच्या पुढच्या बाजूला, मुख्य दाराला लागून. आणि मग ते मुख्य दार. चांगलं रुंद, जाड लाकडाचं.

"हे दार कुणी उघडत नाही," त्या म्हणाल्या. "सगळे गॅरेजमधून येतात, गॅरेजमधून जातात. मी रोज सकाळी पुढं रांगोळी काढते. वाऱ्यानं राहत नाही म्हणून खडूनं काढते. ती बघायला कोण? पार्सलवाला. तो खोकं तिच्यावरच ठेवून जातो."

त्यांनी दार उघडलं. गार वारा आत आला. समोर खडूची रांगोळी, रस्ता, आणि पलीकडे तसंच घर, तसंच बंद दार. आम्ही दोघी उंबऱ्यात उभ्या राहिलो. मिनिटभरात त्यांचा फोन वाजला.

"आई, फ्रंट डोअर उघडं दाखवतंय. सगळं ठीक ना?"

"हो रे. सुभद्राला दाखवत होते."

"मग बंद कर ना प्लीज. मला सारखे अलर्ट येतात."

त्यांनी दार लावलं. त्या दाराला काय यंत्र बसवलंय ते मला दाखवलं. दार उघडं राहिलं की समीरच्या फोनवर घंटी वाजते, दाराच्या बाजूला कॅमेरा, त्यातून त्याला ऑफिसात चित्र दिसतं. "क्लेमेंटीत दार उघडं ठेवलं की आमा यायची," त्या म्हणाल्या. "इथं दार उघडं ठेवलं की फोन येतो. म्हटलं बाबा, मग जाळीचं दार तरी लावून दे. तर म्हणतो, घराची पुढची बाजू बिघडते, इथल्या इस्टेटवाल्यांना, म्हणजे ही वसाहत बांधणाऱ्या कंपनीला, विचारावं लागेल." त्यांनी त्या यंत्राकडे बोट केलं. "जाळी लावायची तर इस्टेटला विचारायचं. आईचं घर विकायचं तर कुणाला नाही."

"त्याला बोललात का?"

"काय बोलू? सकाळी सहाला जातात, संध्याकाळी सातला येतात. नातवंडं खोलीत. दमलेली माणसं. सून वाईट नाही, समीर वाईट नाही. वाईट असते तर भांडले असते." मग एकदम त्यांचे डोळे चमकले. "भांडायला एक आहे इथं. चल."

छत्री घेतली. मागच्या दारानं, पत्र्याच्या कुंपणाजवळच्या फाटकातून आम्ही बाहेर पडलो आणि बसच्या थांब्याकडे चालू लागलो. वाटेत एका कोपऱ्यावर एकच उंच जुनं झाड राहिलं होतं, त्यातून काळापांढरा, कावळ्यासारखा पक्षी सुसाट खाली आला आणि आमच्या डोक्यावरून गेला. मी किंचाळले. प्रमिलाताईंनी छत्री फिरवली.

"ये! ये मेल्या! हा रस्ता तुझ्या बापाचा का? कुणाला विचारून मारतोस रे?"

तो पुन्हा आला, पुन्हा छत्री फिरली. त्याची पिल्लं आहेत वर, म्हणून तो असं करतो, असं त्यांनी मला धापा टाकत सांगितलं. गालावर लाली आली होती, अंबाडा सुटला होता. त्या मोकळ्या माळावर ती बाई एका पक्ष्याला मराठीत शिव्या देत होती, आणि मला क्लेमेंटीचा कॉरिडॉर दिसत होता. "इथं माझ्याकडे बघून येतो तो हा एकटा," त्या म्हणाल्या. परत येताना त्यांनी स्वेटरच्या खिशातून पोळीचा तुकडा काढून झाडाखाली ठेवला.

मला इतका राग आला की चालताना मी काठीला बांधलेल्या एका रोपट्याला धरून उभी राहिले. कुणावर राग, ते नीट सांगता येत नाही. समीरनं आईला उपाशी ठेवलं नाही, औषधपाणी चुकवलं नाही. उलट रात्री जेवताना तो नितीनला घर दाखवत होता, "आईसाठी मुद्दाम खालच्या मजल्यावर खोली घेतली." नितीन टाइल्सवरून हात फिरवत होता. "आई, आपणही असं बघू या," मला म्हणाला. मी पाण्याचा घोट घेतला. प्रमिलाताई माझ्याकडे बघत होत्या.

निघायच्या सकाळी सामान गॅरेजमध्ये गेलं. समीर गाडी सुरू करून बसला. सगळे स्वयंपाकघरातून गॅरेजकडे निघाले. मी चप्पल घालायला वाकले, तर प्रमिलाताईंनी माझा हात धरला.

"ही समोरून जाईल."

"आई, गाडी इकडे आहे," समीर गॅरेजमधून ओरडला.

"मग ती समोर आण."

"आई, प्लीज, उशीर होतोय. काय फरक पडतो?"

आणि मग प्रमिलाताईंचा आवाज चढला. तो आवाज, टाउन कौन्सिलच्या माणसाला भिंतीला टेकवणारा. "फरक पडतो! पाहुणी मागच्या वाटेनं जात नाही. माझं दार विकलंस, मला विचारलं नाहीस. इतके दिवस मी तोंड उघडलं नाही, कारण तू दमतोस. आता ऐक. हे दार आजपासून उघडं राहील. जाळी लाव, नाहीतर लावू नकोस. घंटी वाजो, नाहीतर पोलीस येवोत. मी घरात असेन तेव्हा दार उघडं असेल."

समीर गाडीतून उतरला. सून दारात थबकली. नातवंडं पायऱ्यांवर आली, त्यांनी आजीचा असा आवाज कधी ऐकला नव्हता. समीर आईकडे बघत होता. मला वाटलं, तो पहिल्यांदाच नीट बघत होता. "आई, मी..." एवढंच तो म्हणाला, आणि परत गाडीत जाऊन बसला.

प्रमिलाताईंनी दार सताड उघडलं. मी रांगोळीला वळसा घालून बाहेर आले. त्यांनी माझ्या कपाळाला कुंकू लावलं, ओटीत नारळ घातला. "तुळशीला पाणी घाल. आणि आमाला सांग, ती किल्ली टाकू नकोस म्हणावं. उघडत नाही तर नाही. खिळ्याला राहू दे."

गाडी समोर आली. मी बसले, मागं वळून बघितलं. त्या उंबऱ्यात उभ्या होत्या, हातात छत्री. कोपरा आला, जुनं झाड आलं आणि घर दिसेनासं झालं.

मग समीरचा फोन वाजला. पुढं काचेजवळ लावलेला होता. टिंग. फ्रंट डोअर ओपन. शेतं आली, मेंढ्या आल्या. टिंग. समीरनं बोट लावलं तर फोनवर दारासमोरचं चित्र आलं. प्रमिलाताईंनी आतून स्वयंपाकघरातली खुर्ची ओढत आणून रांगोळीच्या बाजूला टाकली होती, आणि तिच्यावर बसल्या होत्या. कॅमेऱ्याकडे पाठ. नुकताच घट्ट घातलेला अंबाडा, मांडीवर छत्री, आणि पलीकडे रिकामा रस्ता.

टिंग.

समीरनं आवाज बंद करायला हात पुढं केला.

"राहू द्या," मी म्हणाले. माझाच आवाज मला ओळखू आला नाही. नितीननं वळून बघितलं. "वाजू द्या तो."

समीरचा हात थोडा वेळ तसाच राहिला, मग परत स्टिअरिंगवर गेला. विमानतळापर्यंत तो वाजत होता.